मोजतेय ती

आमच्या दुकानात एकच नियम होता. मोटरची कॉइल गुंडाळणाऱ्याशी बोलायचं नाही. दुकानाला आग लागली तर तेवढं सांगायचं, आणि आग लहान असेल तर आधी स्वतः विझवून बघायची. हा नियम आमच्या ह्यांनी केला होता. पाळायचं काम त्यांचंच, कारण गुंडाळायचे मी आणि बोलायचे हे.

कारण सोपं आहे. जळालेली मोटर पुन्हा भरायची म्हणजे तिच्या पोटातली जुनी तार काढायची आणि तितक्याच फेऱ्यांची नवी बसवायची. फेरे कमी पडले तर मोटर तापते, जास्त झाले तर ओढत नाही. गुंडाळायच्या मशीनला फेरे दाखवणारा आकडा असतो, तो आमच्याकडे केव्हाच मोडला. दुरुस्त करा म्हणून मी मागे लागले तर हे म्हणाले, "तू आहेस की." झालं, विषय संपला. तेव्हापासून मी हँडल फिरवते आणि ओठांत मोजते. मध्येच कोणी "वहिनी, किती वाजले?" विचारलं की वाजलेले आणि मोजलेले एकमेकांत मिसळतात, मग कॉइल उलगडा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. म्हणून हे काउंटरवर उभे राहायचे, येईल त्याला हात आडवा करायचे आणि म्हणायचे, "मोजतेय ती. माझ्याशी बोला." पुढे मग ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. माझी कॉइल झाली की मी आकडा मोठ्याने सांगायचे, आणि हे जिथे असतील तिथून तोच आकडा परत म्हणायचे. मोटर उघडत असोत, चहा पीत असोत, रस्त्यापलीकडे बेकरीवाल्याशी गप्पा छाटत असोत. ऐकला, एवढाच त्याचा अर्थ.

मग एका सकाळी हे उठलेच नाहीत.

सगळे म्हणाले, रडून घे. मला रडू येत नाही, राग येतो, हे घराण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ह्या वेळी रागही आला नाही. दात काढताना गालात सुई देतात ना, तसं झालं होतं. गाल आपलाच, पण चिमटा काढला तरी कळत नाही. मी दुकान उघडलं, मशीनवर बसले आणि मला कळलं की आपल्याला मोठी सोय आहे. मोजणाऱ्याशी बोलायचं नाही, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं. कोणी सांत्वनाला आलं की मी हँडल धरायचे. माणूस थोडा वेळ उभा राहायचा, चपला बदलाव्यात तसे पाय बदलायचा आणि जायचा. गिऱ्हाईक मोटर जमिनीवर ठेवून जायचं. माझी थोरली बहीण गावाहून आली, सबंध दुपार स्टुलावर बसली, शेवटी मशीनकडे बघून "येते गं" म्हणाली आणि गेली. 

काम नसेल तेव्हा मी जुनीच तार लाकडी फर्म्यावर गुंडाळायचे, टोकाला आले की उलगडायचे, परत गुंडाळायचे. मोजत नव्हते. काय मोजणार?

अशाच एका दिवशी तांत्रिक शाळेचे मास्तर दारात उभे राहिले. बरोबर एक पोरगी होती. केस करकचून बांधलेले, कानावर पेन्सिल. मास्तरांना नियम माहीत होता, म्हणून ते माझ्याशी बोलले नाहीत. मला ऐकू जाईल अशा बेताने पोरीशी बोलले.

"ह्या वहिनी. वायंडिंगला ह्यांच्यासारखा हात ह्या भागात दुसरा नाही. दादांनी मला शब्द दिला होता, ह्या वर्षी आमच्याकडे एक पाठवा म्हणून. लेथवाल्याने दोघं घेतले, छापखान्याने एक घेतला, बेकरीनेही घेतला. रस्त्यावरच्या दुकानांनीच पोरांना हाताशी धरलं नाही तर शाळेतल्या फळ्यावर मोटर थोडीच फिरणार आहे? तुझी परीक्षा इथेच होईल. परीक्षकांसमोर तू स्वतः कॉइल गुंडाळायची, आणि त्या कॉइलवर मोटर चालली पाहिजे. नाही चालली तर..."

"तर आई पुढे शिकू देणार नाही," पोरगी म्हणाली. "मावशीच्या दुकानात बसवणार आहे मला. पडदे विकायला."

ह्यांनी मला न विचारता शब्द दिला होता, ह्यात नवल नव्हतं. शब्द द्यायचे ह्यांनी आणि निभवायचे मी, हा आमचा संसार. आता भांडायची सोयही उरली नव्हती. मी मान वर केली नाही. मौन म्हणजे संमती असं धरून मास्तर गेले.

"काकू, मी काय करू?" पोरीने विचारलं.

मी हँडल फिरवत राहिले. ती थांबली. मग तिने कोपऱ्यातला झाडू घेतला.

तिला काम दिलं ते आवाजाचं दिलं, म्हणजे बोलायला नको. जळकी मोटर पुढ्यात सरकवायची, छन्नी-हातोडी दाखवायची. जुन्या कॉइलची टोकं छन्नीने तोडायची, उरलेली तार पक्कडीने ओढून काढायची, खाचा साफ करायच्या. पोरगी ते भराभर शिकली. खाचांत बसवायचा कागद कापायला शिकली, बेअरिंग काढायला शिकली. ह्यांची अवजारं कुठे टांगलेली असतात ते न सांगता शिकली. मशीनला तिने हात लावला नाही, मी लाव म्हटलं नाही. परीक्षा जवळ येत होती हे मला दिसत होतं. गुंडाळणं काही बघून येत नाही. तार किती ओढून धरायची, शेजारच्या फेऱ्याला कशी चिकटवून बसवायची, आकडा कुठल्या बोटावर थांबवून घाम पुसायचा, हे सांगावं लागतं. माझ्याकडे सांगायला शब्दच नव्हते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

बेकरीवाल्याच्या पीठ मळायच्या यंत्राची मोटर जळाली तेव्हा तो ती हातगाडीवर घालून स्वतः घेऊन आला. काउंटरशी उभा राहून मशीनला उद्देशून म्हणाला, "वहिनी, ही मोटर पोरीलाच द्या परीक्षेला. मी जुन्या मोटरवर भागवतो तोवर. दादांनी माझी भट्टी कधी थंड पडू दिली नाही, तेवढं मलाही करू द्या." 

पोरीचे डोळे चमकले. मी गुंडाळत होते.

दुसऱ्या दिवशी ती मोटर उघडून बसली. मी मशीनवर, माझी नेहमीची जुनी तार. छन्नीचे ठोके चालू होते, मग थांबले. डोळ्यांच्या कडेला ती उभी राहिलेली दिसली. म्हटलं, काहीतरी विचारायचं असेल, थांबेल. ती थांबली. मी तार टोकाला नेली, हँडल सोडलं, तेव्हा कुठे मान वर केली.

तिच्या डाव्या हाताला ग्रीस पुसायचं फडकं गुंडाळलेलं होतं आणि ते लाल झालं होतं. फडक्यातून थेंब पडत होते. फरशीवर, तिच्या चपलेवर. छन्नी निसटून अंगठ्याच्या मुळाशी शिरली होती. ओठ पांढरे पडले होते, तरी पोरगी ताठ उभी होती.

पुढचं मी भराभर केलं. तिला धरून रस्त्याच्या टोकाला दवाखान्यात नेलं. डॉक्टर टाके घालत होते आणि मला, इतक्या महिन्यांनी, राग आला. चांगला सणसणीत आला.

"तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का गं? हाक मारता येत नाही?"

"तुम्ही मशीनवर होतात, काकू."

"अगं, मी मोजत नव्हते!" 

हे तोंडून गेलं आणि माझं मलाच ऐकू आलं. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुईकडे वळले.

"माहीत आहे मला," पोरगी म्हणाली. "मोजताना तुमचे ओठ हलतात. पंपाची कॉइल केलीत तेव्हा हलत होते. एरवी नाही हलत."

"मग बोलली का नाहीस?"

तिने टाक्यांकडे पाहिलं. "मला वाटलं, कोणी बोलू नये म्हणूनच फिरवता. म्हणजे नियम तोच झाला ना."

माझा हात सवयीने पुढे गेला. ह्या वेळी हातात हँडल नव्हतं. लाज वाटली, आणि लाजही अशी की दवाखान्याच्या खुर्चीत नीट बसता येईना. ह्यांनी नियम केला होता तो कॉइल चुकू नये म्हणून. मी त्याची भिंत केली, आणि ही पोरगी त्या भिंतीपाशी रक्त गाळत शहाण्यासारखी उभी राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुकानात परत आलो तर मास्तर येऊन थांबले होते. त्यांना कोणीतरी कळवलं होतं. त्यांनी पट्टी बांधलेला हात पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"आता कसली परीक्षा? डाव्या हाताने तार धरायची असते. बाळ, तुला दुसरीकडे कुठेतरी..." 

"ती कुठेही जाणार नाही," मी म्हणाले.

मास्तर असे दचकले की जणू मशीनच बोललं. मग त्यांनी खिशातला रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला आणि काही न विचारता निघून गेले. शहाणा माणूस.

पोरीचा डावा हात अडकला होता, उजवा मोकळा होता. मी तिला मशीनवर बसवलं, हँडल तिच्या हातात दिलं आणि तिच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसले. तार मी धरली.

"फिरव. अंगात आल्यासारखं नको, दळल्यासारखं फिरव. आणि मोज."

"मोठ्याने?"

"मनात. ओठ हलले तरी चालतील. संपलं की आकडा मोठ्याने सांगायचा."

ती फिरवू लागली. कितीतरी वर्षांनी कॉइल गुंडाळली जात होती आणि मोजणारी मी नव्हते. माझी बोटं तार सरळ लावत होती, त्यांना डोक्याची गरज नव्हती. डोकं रिकामंच होतं. रिकाम्या डोक्यात काय येतं? हे आले. मोठं काही आठवलं नाही, चष्मा आठवला. मोटर उघडताना हे चष्मा काढून चहाच्या बशीत ठेवायचे, मग चहा आला की "माझी बशी कुठे" म्हणून मलाच विचारायचे, आणि मी मोजत असायचे म्हणून उत्तर द्यायचे नाही. मला हे हवे होते. शहाणपण नको, सांत्वन नको, हे हवे होते, बशी शोधत फिरणारे. नाकाचा शेंडा गरम झाला, तार धूसर दिसायला लागली. पोरीला दिसलं असणार. पण ती मोजत होती. तिला बोलायचं नव्हतं, आणि मला बोलायला लागलं नाही. नियम किती बरा आहे, हे मला त्या दिवशी पुन्हा पटलं.

कॉइल संपली. तिने आकडा मोठ्याने सांगितला आणि माझ्याकडे पाहिलं. परत म्हणायचा असतो, हे तिला माहीत नव्हतं. ते ह्यांचं काम होतं. माझ्या घशापर्यंत आकडा आला आणि तिथेच राहिला. मी नुसती मान हलवली.

पुढे रोज हेच. तार कधी तुटली, फेरे एकमेकांवर चढले, एकदा शिंक आली आणि आकडा गेला. मी खेकसायचे. ती उलगडायची आणि पुन्हा बसायची. टाके निघाले तेव्हा तार तिच्या डाव्या हातात दिली. अंगठा अजून पुरता वळत नव्हता, म्हणून तिने तार दुसऱ्या बोटांतून घ्यायची स्वतःचीच तऱ्हा काढली. बघायला वेडीवाकडी, पण फेरे ओळीत बसत होते. मी स्टूल हळूहळू मागे घेतलं आणि एक दिवस काउंटरपाशी नेऊन ठेवलं. आकडा ती रोज सांगत राहिली, मी रोज मान हलवत राहिले.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. ती मोटर चालली. आज बेकरीत पीठ मळते आहे आणि हात लावून पाहिला तर कोमट सुद्धा लागत नाही. पोरगी पास झाली, पडदे मावशीच विकते. मला सांगायचं आहे ते परीक्षेच्या सकाळचं.

परीक्षक वेळेवर आले. बाई होत्या, पन्नाशीच्या, पायात मळखाऊ बूट, म्हणजे कारखान्यात वावरलेल्या. बरोबर मास्तर. रस्त्यापलीकडे बेकरीवाला दारात उभा राहून आपण उभे नाही असं दाखवत होता. पोरीने फर्मा बसवला, तार ओवली, अंगठ्याची जुनी जखम एकदा दाबली आणि हँडल धरलं. तिचे ओठ हलू लागले.

अर्ध्यावर आली असेल, तेव्हा परीक्षक बाई पुढे सरकल्या. त्यांचा दोष नाही, तोंडी प्रश्न विचारणं त्यांच्या कामातच होतं. त्यांनी मान वाकवली आणि विचारलं, "बाळ, ह्या मोटरला एकूण किती..." 

पोरीचे ओठ अडखळले. तिचा चेहरा मला काउंटरवरून दिसत होता. मोठ्या माणसाने विचारलं की उत्तर द्यायचं, हे तिला घरी शिकवलेलं, आणि मोजताना बोलायचं नाही, हे इथे. ती दोहोंच्या मध्ये होती, आणि आकडा कोणत्याही क्षणी हातून सुटणार होता. फर्म्यावर बेकरीवाल्याची तार होती, शाळेचा शब्द होता, पडद्यांचं दुकान होतं. 

मी उठले कधी ते मला आठवत नाही. माझा हात आडवा झालेला मला दिसला, परीक्षक बाई आणि मशीन ह्यांच्या मधोमध.

"मोजतेय ती," मी म्हणाले. "माझ्याशी बोला."

मास्तर जमिनीकडे बघायला लागले. त्यांनी हे वाक्य ह्याच जागेवरून किती वेळा ऐकलं होतं! मी मात्र ते नेहमी पाठीमागून ऐकलं होतं, हँडल फिरवताना. समोरून म्हणायला इतकं जड असतं, हे ह्यांनी कधी सांगितलं नाही. गप्पांच्या नादात ते जड काम रोज करत होते, आणि मला वाटायचं, माणूस नुसता बडबड्या आहे.

परीक्षक बाईंनी पेनला टोपण लावलं. "बरं," त्या म्हणाल्या. "बोला मग."

आणि मला बोलावं लागलं. तिला बोलू द्यायचं नाही म्हणजे कोणीतरी बोलायला हवं. मी सांगितलं, ही मोटर कुठली, कशाने जळाली, जुनी तार कशी निघाली. मग सांगितलं की मशीनचा आकडा मोडका आहे. का मोडका, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की दुरुस्त करा म्हणून मागे लागले होते, तर आमचे हे म्हणाले, तू आहेस की. हे सांगताना मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मी ते पुसत नव्हते आणि बोलणंही थांबवत नव्हते. थांबले असते तर त्या पुन्हा पोरीकडे वळल्या असत्या. हे कसे शब्द देऊन मोकळे व्हायचे, चष्मा कुठे ठेवायचे, सगळं सांगितलं. परीक्षेच्या प्रश्नांत ह्यातलं काही नसणार. बाई ऐकत होत्या. माझ्या पाठीमागे हँडल दळल्यासारखं फिरत होतं, न अडखळता.

मग ते थांबलं.

पोरीने आकडा मोठ्याने सांगितला. बरोबर होता. ती माझ्याकडे बघत राहिली, मी मान हलवायची वाट बघत.

मी तोच आकडा परत म्हटला. रस्त्यापलीकडे जाईल इतक्या मोठ्याने.